गोदामातल्या दोन मावश्या

गोदामात मावश्या दोन होत्या. एक दोन पायांची, दुसरी चार पायांची. दोघींच्याही नाकावर राग, दोघींनाही उगाच लाडीगोडी लावलेली खपायची नाही, आणि सकाळी कुलूप निघायच्या आधी दोघी दाराशी हजर. दोन पायांची मावशी गोदाम झाडायची. तिचा भाचा तिथला व्यवस्थापक होता. पोरवयात तो ‘मावशी, मावशी’ करत तिच्या मागे फिरायचा. ते ऐकून हमालांनी तेच उचललं, आणि पुढे मालकही तिला मावशीच म्हणू लागले. तिचं खरं नाव शेवटचं कुणी घेतलं होतं, हे तिलाही सांगता आलं नसतं.

मांजरीला नाव मिळालं ते नंतर. ते दिलं खोकल्याने. धान्याच्या धुळीने या हमालाचा घसा कायमचा धरलेला, म्हणून तो खोकल्या. एकदा पोतं उचलताना त्याने दाणे सांडले आणि मावशी त्याच्यावर तोंडसुख घेत होती. तिच्या पायाशी बसलेली करडी मांजरही त्याच्याकडे तेवढ्याच रागाने बघत होती. खोकल्या म्हणाला, ही वाघाची मावशी आणि ती आपली मावशी, दोघी एकाच माळेचे मणी. तेव्हापासून हमालांपासून मालकांपर्यंत सगळे मांजरीलाही मावशीच म्हणत, आणि ‘मावशी आली’ म्हटलं की समोरचा विचारायचा, कोणती? दोन पायांची की चार पायांची? मग सगळे हसायचे, आणि मावशी केरसुणी उगारायची.

गोदाम भलंमोठं. पत्र्याचं छप्पर, उंचावर हवेसाठी झडपा, आणि आत माणसाच्या तिप्पट उंचीच्या पोत्यांच्या थप्प्या. बाहेरच्याला तिथे नुसती पोती दिसत. मावशीला मात्र तिथे एक भलं मोठं खटलं नांदताना दिसायचं. सगळे एका छपराखाली राहणारे, एकमेकांचं तोंडही न बघणारे, आणि तरी एकमेकांच्याच जिवावर जगणारे. धान्यात पोरकिडे होते. पत्रा तापला की ते पोत्यांतून बाहेर येऊन भिंती चढायचे, आणि झडपांतून आत आलेल्या चिमण्या त्यांना टिपायच्या. दिव्याभोवतीच्या पाखरांवर पाली टपून असायच्या. थप्प्यांखालच्या फळ्यांच्या सांदीत उंदीर होते. उंदरांवर मांजर होती, आणि मांजर पोचत नाही तिथे वरच्या तुळईवरचं पांढऱ्या तोंडाचं घुबड होतं. मागच्या गटाराकडून अधूनमधून एक धामणही पाहुणी येऊन जायची. यात कुणी कुणावर उपकार करत नव्हतं. मांजरीला साधलं तर ती चिमणीही सोडायची नाही, आणि किडा मिळाला नाही तर चिमणी सरळ धान्यात चोच घालायची. मावशी म्हणायची, सगळे चोरच आहेत, पण एकमेकांवर पाळत ठेवतात म्हणून आपलं भागतं.

या खटल्यात तिचं काम दोनच गोष्टींचं होतं, आणि त्यात ती कुणाला हात लावू द्यायची नाही. पहिली गोष्ट सांडलेला दाणा. तो जमिनीवर राहिला की उंदरांना पोतं कुरतडायचे कष्टही पडत नाहीत, जेवण ताटात वाढलेलं असतं. म्हणून ती फळ्यांच्या खालून काडी घालून दाणा न् दाणा ओढून काढायची आणि त्यातला मूठभर मागच्या कुंपणाच्या भिंतीवर टाकायची, चिमण्यांचं येणंजाणं राहावं म्हणून. दुसरी गोष्ट मांजरीची वाटी. दुधात कुस्करलेला पाव, पण वाटी कधी भरायची नाही.

भाचा लहान असताना तेव्हाच्या मांजरीची वाटी तोच ठेवायचा. त्याची आई, म्हणजे मावशीची थोरली बहीण, गेल्यावर तो गोदामामागच्या मावशीच्या खोलीतच वाढला. पत्र्याच्या छपराची एवढीशी खोली. भिंतीतली एक वीट मावशीने मांजरीच्या वाटेसाठी काढून ठेवलेली. पोराने पहिल्या दिवशी लाडाने वाटी काठोकाठ भरली, तेव्हा तिने त्याचा हात धरला.

“पोटभर घातलंस तर झोपून राहील. उपाशी ठेवलंस तर दुसऱ्याचं दार धरेल. माप मधलं हवं.”

मधलं म्हणजे किती, असं त्याने विचारलं. तिने वाटीच्या आत बोट लावून दाखवलं, अर्ध्याला जरा कमी. पोरगा हुशार होता. त्याला पुन्हा कधी सांगावं लागलं नाही.

पुढे तिनेच मालकांच्या कानावर घालून त्याला काट्यावर वजनं करायला लावलं. तिथून तो व्यवस्थापकाच्या खुर्चीपर्यंत चढला. लोक म्हणत, मेहनती आहे. मेहनती होताच, पण त्याचा खरा गुण दुसरा होता. मालकांना त्याने आयुष्यात एकही उलट प्रश्न विचारला नव्हता.

एक मोठं गिऱ्हाईक माल बघायला आलं, आणि त्याच्या एका फेरीत दोन्ही मावश्यांनी आपापले गुण उधळले. नमुन्याचं धान्य परातीत काढून ठेवलं होतं. चार पायांची मावशी त्यात ऐसपैस झोपली आणि उठताना त्यातच मुतली. तासाभराने त्या गिऱ्हाइकाने जळती सिगारेट पोत्याला टेकवून विझवली, आणि दोन पायांच्या मावशीने सगळ्यांदेखत त्याला विचारलं, की घरच्या गादीवरही तो अशाच विझवतो का. माणूस लाल होऊन गेला. जाऊन त्याने मालकांना काय काय सांगितलं असेल ते त्यालाच ठाऊक. संध्याकाळी मालकांचा फोन आला.

“त्या मावशीचा फार ताप झालाय. गिऱ्हाइकासमोर शोभा होते. महिनाअखेरीनंतर ती मला तिथे दिसता कामा नये.”

भाचा म्हणाला, हो साहेब. गोदामातला कुठलाही हमाल जे हसत हसत विचारत असे तेवढंच त्याने विचारायला हवं होतं, की कोणती? त्याच्या जिभेवर ते आलं असेलही. पण मालक घाईत होते, आणि घाईतल्या मालकांना थांबवण्याची रीत त्याला माहीत नव्हती.

हे फोनवरचं बोलणं मावशीला नंतर कळलं. त्या दिवशी कळलं ते इतकंच, की भाचा खोलीच्या दारात येऊन उभा राहिला, आत आला नाही, आणि तिच्या पायांकडे बघत म्हणाला की वरून आलंय, माझ्या हातात काही नाही. खोलीही सोडावी लागेल. मावशीला रडू आलं नाही. तिने एकच विचारलं, की तू माझ्यासाठी काही बोललास का. तो म्हणाला, साहेबांचा स्वभाव तुला माहीत आहे. ज्या पोराचं नाक तिने आपल्या हाताने पुसलं होतं, तो आज तिच्याशी सरकारी कागदासारखा बोलत होता, आणि ते तिला झोंबलं.

त्याच रस्त्याच्या टोकाला सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानदाराने मागची खोली दिली. एका खाणावळीत भांडी घासायचं काम मिळालं. ट्रंक तिने कॉटखाली सरकवली, आणि जगायचं ठरवलं म्हणून जगू लागली.

थोड्या दिवसांनी खोकल्या आला. दारातच बसला, पाणी मागितलं, पोटभर खोकला, आणि मग म्हणाला, मावशी, ऐकून तुझ्या अंगाचा तिळपापड होईल, पण सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. मालक गोदामात आले होते. आत शिरताच त्यांना पोत्यावर पसरलेली मांजर दिसली. ते भाच्याकडे वळून म्हणाले, मावशीला काढा म्हणून सांगितलं होतं ना, मग ही इथे कशी? भाच्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने सांगितलं, की मावशीला काढलं, साहेब. मालकांना उलगडायला जरा वेळ लागला. मग ते जे हसायला लागले ते थांबेनात. मालक हसताहेत म्हटल्यावर सगळे हसले. शेवटी डोळे पुसत ते म्हणाले, जाऊ दे, बरंच झालं, तिचीही जीभ फार लांब झाली होती. आणि हिलाही काढा.

“तूही हसलास?” मावशीने विचारलं.

खोकल्याने मान खाली घातली. हसलो, म्हणाला, सगळ्यांच्या मागे होतो, पण हसलो.

तो गेल्यावर मावशी स्वतःही हसली. मांजरीच्या मुताचा दंड आपल्याला झाला, यात हसण्यासारखं होतंच. मग तिला राग आला, इतका की हातातली वाटी तिने भिंतीवर फेकली. आणि रागाच्या मागून, तिला नको असताना, आशा आली. हुकूम असता तर गोष्ट संपली होती. पण ही तर चूक होती, आणि चूक झालेली दोघांनाही कळली होती. पोरगा भित्रा आहे, पण पोटात माया आहे त्याच्या. आज ना उद्या मालकांचा मूड बघून तो विषय काढील. त्या दिवसापासून तिने ट्रंक पुरती उघडलीच नाही. लागतील तेवढे कपडे वर, दोन वाट्या फळीवर, बाकी सगळं बांधलेलं. खाणावळवालीने विचारलं, कायमची राहणार ना? मावशी म्हणाली, बघू.

भाचा आला नाही. आली ती मांजर. तिला पोत्यात घालून बाजारापलीकडे सोडली होती म्हणे. एका सकाळी ती सायकलच्या ट्यूबांच्या ढिगावर बसलेली दिसली, एक कान फाटलेली, आणि जणू मावशीनेच उशीर केला अशा तोऱ्यात. मावशीने तिला चार शिव्या घातल्या आणि वाटी ठेवली. अर्ध्याला जरा कमी. बोट वाटीत असतानाच तिचा हात थांबला. आपल्याला गोदामात खोली मिळाली होती, पण भिंतीला प्लॅस्टर कधी मिळालं नाही. पगार मिळायचा, पण वाढ मागितली की पुढच्या वर्षी. आजारी पडलं तर कुणी हाकलत नव्हतं, पण डॉक्टरही बोलवत नव्हतं. इतकी वर्षं झोपूनही राहता आलं नाही आणि दुसऱ्याचं दारही धरता आलं नाही. तिने त्या दिवशी वाटी काठोकाठ भरली. मांजरीने पोट फुटेस्तोवर खाल्लं आणि ती झोपून राहिली. मावशी म्हणाली, झोप बाई, एकीला तरी मिळू दे.

गोदामाच्या बातम्या खोकल्या आणत राहिला. झाडायला आता बाहेरची माणसं यायची, आठवड्यातून एकदा. मधली वाट चकचकीत करायची आणि फळ्यांखाली बघायचीही नाहीत. उंदीर आधी सांदीत दिसू लागले, मग दिवसाढवळ्या थप्प्यांवर. भाच्याने विषाचे दाणे मागवले, गुलाबी रंगाचे, आणि ते सगळीकडे पेरले. उंदीर मेले. पण ते विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. तो झिंगल्यासारखा फिरत राहतो, कुणीही त्याला सहज धरावं. तुळईवरच्या घुबडाला असलं आयतं खाणं जन्मात मिळालं नव्हतं. एका सकाळी ते थप्पीवर पंख पसरून पडलेलं सापडलं. गुलाबी दाणे चिमण्यांनीही टिपले. झडपांखाली त्या मरून पडल्या आणि केराबरोबर झाडल्या गेल्या. मग भिंतींवर पोरकिडे इतके चढले की भिंतच हलते आहे असं वाटावं. आणि उंदीर तर नव्याने येतच होते, कारण आता त्यांच्यावर कुणीच नव्हतं. मेलेले थप्प्यांच्या पोटात कुजत होते, वासाने हमाल नाकाला फडकं बांधून कामावर येत. एका गिऱ्हाइकाच्या पोत्यात वाळलेला उंदीर निघाला आणि सगळा माल परत आला.

पहिल्यांदा हे ऐकताना मावशीला बरं वाटलं. खोटं कशाला, चांगलंच बरं वाटलं. होऊ दे, तिला वाटलं, कुजू दे सगळं. पण घुबडाचं ऐकलं तेव्हा तिला बरं वाटेना. त्याचं कुणाशी काय वाकडं होतं? ते बिचारं आपल्या तुळईवर आपल्या जागी बसलेलं होतं. त्याला तर कुणी काढा असंही म्हटलं नव्हतं.

पोट भरलेलं असलं तरी मांजरीची खोड गेली नव्हती. ती रस्त्याने फेरी मारून यायची. एका दुपारी ती तोंडात मोठा उंदीर घेऊन आली आणि मावशीच्या पायाशी बसून खाऊ लागली. मावशी भांड्यांतून दमून आली होती, तिने नीट बघितलं नाही. पुढे मांजरीने वाटीला तोंड लावणं सोडलं. तिच्या नाकातून रक्त आलं. ती कॉटखाली ट्रंकेला टेकून बसून राहिली आणि तिथेच गेली. मावशीने दुकानाच्या मागे, जुन्या टायरांच्या पलीकडे खड्डा खणला. दुकानदार म्हणाला, एका मांजरीसाठी एवढं? मावशी म्हणाली, माझ्या जागी हिला काढायचं होतं, एवढं तर करायलाच हवं.

त्यानंतरच्या रविवारी ती कॉटवर पडली होती. बाहेर दुकानात ओळखीचा आवाज आला. ती चटकन उठून बसली. भाचा दुकानदाराशी बोलत होता.

“मावशीला न्यायला आलोय. मालकांचा फोन होता, मावशीला परत आणा म्हणाले.”

मावशी कॉटवरून खाली उतरली. तो आला की आपण मान ताठ करून बसायचं, त्याला दोन शब्द ऐकवायचे, मग तयार व्हायचं, असं तिने कितीदा मनात घोळवलं होतं. त्यातलं काही झालं नाही. तिने फळीवरच्या दोन्ही वाट्या काढल्या, दोरीवरचे कपडे ओढले, गाठोडं बांधलं आणि ट्रंक कॉटखालून ओढली. त्या गडबडीतही तिच्या मनात आलं, की खोलीत जाताच आधी फळ्यांखालचा दाणा काढायला हवा.

भाचा आत आला. त्याच्या हातात झाकणाची वेताची टोपली होती. मावशी म्हणाली, “टोपली कशाला आणलीस रे? भांडी काय, दोनच तर आहेत.”

त्याने ट्रंकेकडे बघितलं, गाठोड्याकडे बघितलं. मग खाली वाकून कॉटखाली बघितलं.

“कुठे आहे?”

“कोण?”

“मावशी,” तो म्हणाला, आणि म्हणताच त्याचे कान लाल झाले.

खोलीत बाहेरच्या पंपाचा आवाज तेवढा येत राहिला. मावशी कॉटवर बसली. भाचा हळू आवाजात सांगू लागला, की साहेबांना विषाचा कंटाळा आलाय, ज्याचा माल परत आला त्या गिऱ्हाइकानेच सुचवलं की मांजर ठेवा, आणि खोकल्या म्हणाला ती तुझ्याकडे आहे. मग आपली बाजू स्वच्छ असावी म्हणून त्याने पुढे जोडलं, “या वेळी मी विचारून घेतलं. कोणती, म्हणून.”

“विचारलंस?”

“हो.”

“आता विचारता येतं तुला.”

मावशीने सांगितलं, की ती गेली, तुझ्याच गोदामातला उंदीर खाऊन, मागे टायरांपलीकडे आहे, हवी असेल तर टोपलीत घालून ने. भाचा टोपलीचं झाकण उघडझाप करत उभा राहिला. त्याला वाईट वाटत होतं, ते तिला दिसत होतं. लहानपणीही त्याला वाईट वाटायचं, आणि वाईट वाटलं की तो काहीतरी अर्धवट देऊन मोकळा व्हायचा. आत्ताही त्याने तेच केलं.

“तू असं कर ना, आठवड्यातून एखाद दिवस येत जा. फळ्यांखालचं काढायला. साहेबांना कळायचं कारण नाही. मी माझ्या पदरचं काहीतरी देत जाईन.”

मावशीने त्याच्याकडे निरखून बघितलं. मग तिने गाठोड्यातून एक वाटी बाहेर काढली आणि आत बोट लावून त्याच्यासमोर धरली.

“माप विसरला नाहीस. पोट भरायचं नाही आणि दारही सुटायचं नाही.”

“मावशी, मी काय करू? मालकांना आता काय सांगू?”

“सांग, मावशी गेली. कोणती, हे ते विचारणार नाहीत.”

तिने त्याला बस म्हटलं नाही. मग तो टोपली उचलून निघून गेला. बाहेर दुकानदाराने त्याला विचारलं, मावशीला न्यायला आला होता ना? भाचा काय म्हणाला ते पंपाच्या आवाजात तिला ऐकू आलं नाही. तिने गाठोडं सोडलं, ट्रंक पुरती उघडली, आणि आतले सगळे कपडे एकेक करून बाहेर काढून फळीवर लावले. वाटी एकच लागणार होती. दुसरी तिने ट्रंकेच्या तळाशी ठेवली.